गणितात नसलेली आगोट

आगोट आली की माझ्या हातून सुकी मासळी जरा जास्तच घेतली जाते. बोंबील, करंदी, जवळा, वाकट्या. मागच्या वर्षी तीन डबे भरले आणि चौथ्याचं झाकण बसेना म्हणून मी त्यावर वरवंटा ठेवला. नवरा घाटावरचा. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी या वासाशी त्याचं काही जमलेलं नाही. नाकाला पंचा लावून तो म्हणाला, "पाऊस चार महिने पडणार आहे की चार वर्षं?" मी हसून विषय टाळला. त्याला वाटतं ही माझी सफाळ्याची, माहेरची खोड आहे. तसंच वाटू दिलेलं बरं होतं.

आगोट म्हणजे आमच्याकडचे मे अखेरचे दिवस, पाऊस तोंडावर आलेला असतो तेव्हाचे. समुद्र बंद व्हायच्या आत, वाटा चिखलात जायच्या आत चार महिन्यांची बेगमी करायची. मनोरच्या बाजारात कांद्याच्या माळा लटकतात. डोंगराकडच्या बाया लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरतात. त्यांची माणसं वीटभट्ट्यांवरून नुकतीच घरी परतलेली असतात. पालघरच्या गल्ल्यांमधून मिरच्या कांडण्याचा ठसका येतो. आकाश अजून कोरडं असतं, पण अंगाला घाम असा चिकटतो की सदरा बदलून काही उपयोग नसतो. लहानपणी मला हे दिवस फार आवडायचे. आमच्या घरी माळ्यावर तांदळाची पोती चढवायच्या आदल्या दिवशी बाबा खालून बांबूचा टेकू लावायचे, त्यावर हात आपटून बघायचे आणि मगच म्हणायचे, "हां, आता चढवा." तो टेकू चार महिने घराच्या मधोमध उभा असायचा आणि आम्ही भावंडं त्याभोवती गोल गोल फिरायचो.

हे टेकूचं मुद्दाम सांगितलं. पुढे त्याची गरज पडणार आहे.

माझा धंदा मोडण्याचा. म्हणजे वस्तू कशा मोडतात ते शिकवण्याचा. कॉलेजात मुलांना मी पहिल्या तासाला खडू मोडून दाखवते आणि विचारते, हा आत्ता मोडला का? सगळे हो म्हणतात. मग सांगते की नाही, हा कधीपासून मोडत होता, तुम्हाला आवाज आत्ता आला. मुलांना ही गंमत आवडते. काँक्रीट, लोखंड, दगड, सगळ्यांच्या पोटात जन्मापासून बारीक बारीक फटी असतात. ओझं येतं, ऊन लागतं, तारापूरच्या कारखान्यांच्या हवेतलं काहीबाही आत झिरपतं, गज गंजून फुगतात आणि त्या फटी एकमेकींना शोधत जातात. हे सगळं संगणकात आधीच करून बघायचं, चीर कुठून निघेल, कुठे थांबेल, कधी आरपार जाईल ते सांगायचं, असं ते शास्त्र. त्यात नुकसानीला एक अक्षर दिलेलं असतं. त्याची किंमत शून्य असेल तर वस्तू धडधाकट, एक झाली की खेळ खलास. आणि एक अट घातलेली असते: हा आकडा वाढेल किंवा आहे तिथे थांबेल, पण कमी कधीच होणार नाही. वरचं ओझं काढून घेतलं तरी झालेली इजा आत तशीच राहते. ही अट मी फळ्यावर दरवर्षी लिहिते आणि दरवर्षी तिथे माझा हात अडखळतो.

बारा वर्षांपूर्वी मी स्वतः विद्यार्थिनी होते. माझ्या प्रबंधाला खरीखुरी, वाढणारी चीर हवी होती. प्रयोगशाळेतल्या ठोकळ्यांना हवी तेव्हा चीर पाडता येते, पण माझ्या मार्गदर्शक सरांना जिवंत इमारत पाहिजे होती. शोधता शोधता बोईसरजवळ कुंभवलीत एक दुमजली चाळ सापडली, कारखान्यांच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. वरच्या मजल्याला लांबच लांब गॅलरी, खाली एकही खांब नाही, नुसती भिंतीतून बाहेर आलेली. आणि गॅलरी जिथे भिंतीला चिकटते, बरोब्बर तिथे, गॅलरीच्या जमिनीत, भिंतीला समांतर अशी केसाएवढी चीर. ती पाहून मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला होता. एखाद्याच्या घरात चीर पाहून आनंद होण्याची आमची ही जात.

घरमालकानं एका अटीवर परवानगी दिली. "मापं घ्या, काय पाहिजे ते करा, पण भाडेकरूंना घाबरवायचं नाही. खोल्या रिकाम्या झाल्या तर मी काय करू?" मी मान डोलावली.

चिरेवर लक्ष ठेवायची जुनी आणि सोपी रीत आहे. काचेची पातळ पट्टी चिरेवर आडवी चिकटवायची. काच ताणली जात नाही. चीर जरा रुंदावली की ती तडकन फुटते. कॉलेजातून मी सूक्ष्मदर्शकाच्या तीन काचा आणल्या, गुळगुळीत कडांच्या, बोटाएवढ्या लांब, आणि तीन ठिकाणी चिकटवल्या. तिसरी हिरूमावशीच्या दारासमोर आली.

हिरूमावशी मूळची समुद्रालगतच्या नवापूरची. नवऱ्यानं बोट सोडून कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी धरली आणि ही दोघं कुंभवलीत आली. पण मावशीनं मासळी सोडली नाही. पहाटे किनाऱ्यावरून पाटी भरून आणायची आणि डोक्यावर घेऊन बोईसरभर फिरायची. उभट, काटक बाई, चालताना मान हलत नसे. कपडे वाळत घालतानासुद्धा डोक्यावर पाटी असल्यासारखीच उभी राहायची. मी काचा चिकटवत होते तेव्हा ती कमरेवर हात ठेवून शेजारी उभी होती.

"ही कसली गो काच, बाय?"

इथे मला खरं सांगता आलं असतं. साधं वाक्य होतं: मावशी, ही फुटली तर या गॅलरीत कुणी थांबू नका, आधी मला फोन करा. लहान पोरालाही कळलं असतं. पण घरमालकाची अट होती, प्रबंध होता, आणि पोरं काचेला हात लावतील ही भीती होती. मी म्हटलं, "माझी परीक्षा आहे मावशी यात. ही काच फुटली तर मी नापास. तेवढी सांभाळा."

शेजारच्या खोलीतला रामकिशोर रात्रपाळी करून आला होता, दात घासत होता. त्यानं तोंडातला ब्रश काढून विचारलं, "दीदी, काँच टूटे तो भागना है क्या?"

इतका नेमका प्रश्न मला पुढे प्रबंध तपासणाऱ्यांनीही विचारला नाही. मी त्याला म्हणाले, "अरे नहीं, पढ़ाई का काम है." तो हसला आणि चूळ भरायला गेला.

मग सगळा उन्हाळा मी दर रविवारी जात होते. त्या रविवारांचे वास अजून नाकात आहेत. कुंभवलीत रिक्षातून उतरलं की आधी कारखान्यांचा आंबूस, घशाला खवखवणारा वास, आणि जिना चढता चढता त्याच्यावर मात करणारा सुक्या बोंबलांचा. मावशीनं गॅलरीच्या कठड्याला दोऱ्या बांधून बोंबील टांगलेले असत, जोडीजोडीनं, एकमेकांच्या जबड्यात अडकवलेले. माझ्या काचेवर तिनं एक जुनी पाटी उपडी घातली होती. मी आले की ती पाटी उचलायची आणि अभिमानानं दाखवायची. "बग, हाय का नाय धड? पोरान्ना सांगलंय, हात लावला तर बोटां मोडीन." मग मला बसवून भाकरी वाढायची. ताटात तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, आणि समोर ती, परीक्षा कधी संपणार, लग्न कधी करणार, एवढं शिकून डोळे कसे गं नाय जात, असं विचारत. माझी आई सफाळ्यात होती, पण त्या उन्हाळ्यात मी जास्त जेवले ते मावशीच्या हातचं.

माझं संगणकातलं गणित सांगत होतं की चीर मे महिन्याच्या मध्यापर्यंत थोडी वाढेल आणि मग थांबेल. पहिल्या दोन काचा एप्रिलच्या शेवटी फुटल्या. गणिताप्रमाणेच फुटल्या म्हणून मी खूश झाले. खाली मोकळ्या जागेत पोरं खेळत होती, आणि मी वर उभी राहून फुटलेल्या काचा बघून खूश होत होते. तिथे नव्या काचा लावल्या. मावशीच्या दारासमोरची तिसरी तेवढी शाबूत होती आणि ती शाबूतच राहायला हवी होती, कारण आलेखाचा शेवट तिच्यावर होता.

आणि मग तो रविवार. आगोटीचा.

जिना चढले तर गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक दारासमोर मोळ्या रचलेल्या, कमरेपर्यंत. तांदळाची पोती. कांद्याच्या गोणी. सुक्या मासळीची पिंपं. कुणाचं तरी उखळ. मी मोळ्यांमधून अंग चोरून तिरकी चालत गेले, एका ठिकाणी ओढणी अडकली ती सोडवली. मावशी दारात होती. त्या दिवशी ती माझ्याकडे बघत नव्हती. पाटी तिनं उचलली नाही, मीच उचलली.

काच होती. धड होती. पण ती माझी काच नव्हती.

माझ्या काचेपेक्षा जाड होती. कडा गुळगुळीत नव्हत्या, हातानं कापलेल्या होत्या. माझं चिकटवण पांढरं होतं, हे पिवळसर आणि उग्र वासाचं, बोटीच्या फायबरला लावतात तसलं. आणि एका कोपऱ्यात चंदेरी ठिपका होता. कुणीतरी आरशाची पट्टी कापून, मागचा मुलामा ब्लेडनं खरवडून काढला होता आणि एवढासा ठिपका राहून गेला होता. उन्हात तो चमकला.

हे मला नंतर सुचलं असं नाही. मला त्याच वेळी कळलं. दोन क्षण लागले असतील, जास्त नाही. माझी काच फुटली होती, म्हणजे चीर थांबली नव्हती, म्हणजे माझं गणित चुकलं होतं. माझ्या पिशवीत चिरेची रुंदी मोजायची पट्टी होती. ती मी काढली नाही. वहीत लिहिलं: तिसरी काच, शाबूत. पाटी परत उपडी घातली. मावशीनं सुस्कारा सोडला तो मी ऐकला, आणि त्या दिवशी तिनं मला कालवणात जास्तीचा बोंबील वाढला तो मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "शेवटची नोंद जुळते का?" मी म्हटलं, "जुळते, सर." त्यांनी मान हलवली. "मग लिहायला घ्या."

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास मावशीच्या दारासमोरचा गॅलरीचा तुकडा खाली आला. पोरं शाळेच्या सुट्टीत गावी गेलेली, रामकिशोर पाळीवर गेलेला. गॅलरीत एकटी मावशी होती. मोळ्या, पोती, पिंपं आणि ती. जीव वाचला. खुब्याचं हाड मोडलं आणि डाव्या पायाचा घोटा चुरला.

माझ्या गणितात गॅलरीवर माणसं उभी होती. वाळत घातलेले कपडे होते, पुस्तकात सांगितलंय तितका भार होता. आगोट नव्हती. लाकडं नव्हती, तांदूळ नव्हते. परगावचा कुणी असता तर त्याला माफ होतं. पण मी सफाळ्याची. बाबांच्या टेकूभोवती गोल फिरलेली. मे महिन्यात आमच्याकडे घराच्या प्रत्येक रिकाम्या कोपऱ्यावर ओझं चढतं हे मला शिकवायला पुस्तक लागत नव्हतं. आणि हेही खरं की त्या रविवारी तर मी ते ओझं डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यातून वाट काढत गेले होते.

इस्पितळात मावशीनं माझा हात धरला. पाय वर टांगलेला, ओठ सुकलेले. मला वाटलं ती मला जाब विचारणार. तिनं रडायला सुरुवात केली.

"माजी चूक जाली, बाय. मिरच्या कांडत होते, मुसळ जोरात बसला आनि तुजी काच टिचली. मना वाटला, पोरगी नापास होईल. म्हून आरसा कापून आनला काचवाल्याकडून, भावानं बोटीचा चिकट दिला. तुला कळू दिला नाय मी. तुला कळला असता तर तू सांगला असता ना, बाजूला व्हा म्हून."

मुसळानं नव्हती फुटली. मिरच्या कांडून काच फुटत नाही, चिरेनं फुटली होती. पण हे सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. मी तिचे डोळे पुसले आणि म्हणाले, "जाऊ द्या मावशी. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

मी तिला माफ केलं. या सगळ्या प्रकरणात मी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट कोणती असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन. काच, वही, सर, हे सगळं त्याच्यानंतर.

प्रबंधात एक वाक्य घातलं. स्थानिक रहिवाशांच्या हस्तक्षेपामुळे तिसऱ्या नोंदीत त्रुटी राहिली. तोंडी परीक्षेत एका परीक्षकानं ते वाचून सहानुभूतीनं मान हलवली. "प्रत्यक्ष ठिकाणी काम करताना असं होतंच." पदवी मिळाली. पेढे वाटले. मावशीलाही नेऊन दिले, तेव्हा ती कुबड्यांवर होती. पेढा कपाळाला लावून म्हणाली, "पास जाली ना? बस."

तिची पाटी सुटली. चाळ रिकामी झाली, नवरा दोन वर्षांत गेला, ती नवापूरला लेकीकडे राहायला गेली. आता अंगणात बसून सुकी मासळी निवडते आणि विकते. मी दर आगोटीला जाते. दरवर्षी गरजेपेक्षा जास्त घेते. दरवर्षी ती वजन करून झाल्यावर वर एक मूठ टाकते, आणि दरवर्षी, चहा होईपर्यंत कधीतरी, तोच विषय काढते. "मी ती काच बदलली नसती तर..." मी दरवर्षी म्हणते, "जाऊ द्या मावशी." घरी येऊन डबे भरते. बोंबील संपत नाहीत, पुढची आगोट येते.

यंदा का कुणास ठाऊक, पण झालं ते असं. गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्यानं मला त्याच्या प्रयोगाचा आलेख दाखवला. एक बिंदू रेषेपासून लांब पडला होता. तो म्हणाला, "मॅडम, हा काढून टाकू का? बाकी सगळं जुळतंय." मी म्हटलं, "कशामुळे पडला तो आधी बघ." तो गेला. मी पर्स उचलली आणि नवापूरची वाट धरली.

मावशी बोंबील वाळवायच्या वलांडीच्या सावलीत बसली होती. बांबूंवर बोंबलांच्या रांगा, वारा खारट. तागडी पुढ्यात. मी दोन किलो सांगितले. ती निवडता निवडता बोलू लागली, यंदा मासळी बारीक हाय, ऊन पन धड नाय, आणि मग, नेहमीसारखं, "ती काच मी बदलली नसती तर..."

"मावशी, मला दिसलं होतं."

"काय दिसला?"

"काच बदललेली. त्याच रविवारी. आरशाची होती, कोपऱ्यात चंदेरी ठिपका राहिला होता. मला कळलं होतं की माझी फुटली. आणि ती मुसळानं नव्हती फुटली, गॅलरी सुटत होती म्हणून फुटली. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. माझी परीक्षा होती म्हणून."

तिचे हात चालूच होते. चांगला बोंबील उजवीकडे, तुटका डावीकडे. चार-पाच झाले. मग थांबले.

"म्हंजे तुला म्हायत व्हता."

"हो."

"आनि मी बारा वर्सं त्या मुसळाला शिव्या घातल्या." मग म्हणाली, "जावयाला सांगून जाळून टाकला तो. बरा व्हता मुसळ."

मला रडू आलं होतं ते मी दाबलं, कारण मी रडले असते तर तिनं माझे डोळे पुसले असते. तिनं तागडी उचलली. दोन किलो केले. काटा मध्ये आला. तिचा हात सवयीनं ढिगाकडे गेला, वरच्या मुठीसाठी, आणि अर्ध्या वाटेत थांबला. तिनं तो पदराला पुसला आणि बोंबील तसेच, मोजके, माझ्या पिशवीत ओतले.

मग कुबडी टेकून उठली. लेकीच्या घराला यंदा पुढे पडवी काढली आहे, वर स्लॅब आहे, आणि स्लॅबवर आगोटीची लाकडं रचलेली. ती मला आत घेऊन गेली आणि कुबडीनं वर दाखवलं. भिंत आणि छत मिळतात तिथे बारीक रेघ होती.

"ही बग. आनि या टायमाला खरा काय ता सांग."

मी स्टूल घेतलं. पर्समधली पट्टी लावून रुंदी मोजली. टकटक करून आवाज ऐकला, बोटानं खरवडलं, मोबाइलच्या उजेडात शेवटपर्यंत पाहिलं. कडेला खांब होते, गजाची खूण नव्हती, गंज नव्हता. बाहेर येऊन शिडीनं वर चढले आणि लाकडांची रास बघून आले. खाली उतरून म्हणाले, "मावशी, ही नुसती गिलाव्याची आहे. नवं बांधकाम वाळताना पडते. घाबरायचं काही कारण नाही. लाकडं राहू द्या."

हे अगदी खरं होतं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

मावशीनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग मान वळवून अंगणात हाक मारली. "जावय, ती लाकडां खाली काढ. आताच."

जावई वर चढला. मी पिशवी भिंतीला टेकवून ठेवली, ओढणी कमरेला खोचली आणि त्यानं खाली दिलेली पहिली मोळी हातात घेतली.